परळच्या सहा खोल्या

वांद्रे, माझगाव, गिरगाव या भागांतील जुन्या वाड्यांतून फिरताना गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस उभे दिसतात. चुना लावलेले, पायथ्याशी मेणबत्त्यांचे ओघळ वाळलेले, कधी कोणी झेंडूची माळ घातलेली. ‘हा प्लेगचा क्रूस’ असे म्हातारी माणसे सांगतात. सगळेच क्रूस प्लेगचे नाहीत, काही त्याहून पुष्कळ जुने आहेत. परंतु १८९६ नंतरच्या दहा वर्षांत ईस्ट इंडियन वस्त्यांतून असे अनेक क्रूस उभारले गेले हे खरे. लोक संध्याकाळी तेथे जमून रोझरी म्हणत. चर्चपर्यंत जाण्याची भीती वाटे, दार लावून घरात बसण्याचीही भीती वाटे. मधल्या जागी, आपल्याच गल्लीत, देवाला हाक मारावी एवढेच हाती उरले होते.

२०२०च्या उन्हाळ्यात दफनविधीला जेव्हा चार-पाच माणसांखेरीज कोणालाही येता येत नव्हते, तेव्हा मला या क्रुसांची वारंवार आठवण येई. आपले पणजोबा त्या क्रुसापाशी गुडघे टेकून उभे होते, त्याच वेळी त्याच शहरात दुसरी काही माणसे सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती. त्यांची हकीकत आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही. ती थोडी विस्ताराने सांगावी म्हणून हा लेख.

या हकीकतीचा आरंभ मुंबईत नव्हे, हाँगकाँगमध्ये होतो. १८९४च्या उन्हाळ्यात तेथे प्लेग पसरला. जपानहून शिबासाबुरो कितासातो आले; ते बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली तयार झालेले, मोठा लौकिक असलेले संशोधक. त्यांच्याबरोबर सहकारी होते, आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना इस्पितळाची दारे उघडून दिली. तीन दिवसांनी, १५ जूनला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेला अलेक्झांद्र यर्सिन हा स्विस-फ्रेंच तरुण जवळजवळ एकटाच येऊन पोहोचला. त्याला शव तपासण्याची परवानगी मिळेना. शवे दुसऱ्यांसाठी राखून ठेवली होती! विज्ञान ही सर्व मानवजातीची मालमत्ता आहे असे आपण म्हणतो. पण त्या आठवड्यात तरी ती एका शवागाराच्या कुलपात बंद होती.

यर्सिनच्या मदतीला धावले ते फादर विगानो नावाचे एक इटालियन मिशनरी. त्यांनी त्याला गवताची झोपडी उभारण्यास साहाय्य केले, आणि शवांवर पहारा देणाऱ्या खलाशांच्या हातावर थोडे पैसे ठेवावेत, असा व्यवहारी सल्लाही दिला. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेला हा प्रश्न आला असता तर मी काय उत्तर दिले असते, याचा मी अनेकदा विचार केला आहे. पैसे दिले गेले, दार काही मिनिटे उघडले, यर्सिनने मृताच्या जांघेतील गाठ कापून घेतली आणि झोपडीत येऊन भिंगाखाली धरली. गाठीत जंतूंचा नुसता खच पडला होता. तो दिवस २० जून १८९४. कितासातो यांनीही काही दिवस आधी जंतू सापडल्याचे जाहीर केले होते; श्रेय कोणाचे यावर पुढे पुष्कळ वाद झाला. आज तो जंतू यर्सिनच्या नावाने ओळखला जातो. त्या फादरांचे नाव मात्र कोणाच्या ओठी नाही.

जंतू सापडला, परंतु तो माणसापर्यंत येतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. या एका अज्ञानाची किंमत पुढे लाखो कुटुंबांनी मोजली.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांना एका रोग्याच्या अंगावर गाठ आढळली. हे गृहस्थ मूळचे गोव्यातील हडफडे गावचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, आपल्याच समाजातील डॉक्टर. त्यांनी हा प्लेग आहे असे स्पष्ट सांगितले. व्यापाराचे शहर, हा शब्द उच्चारणे कोणालाच सोयीचे नव्हते. तरीही ते आपल्या निदानावर ठाम राहिले. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. तेथून रोज जाणाऱ्यांपैकी किती जण मान वर करून पाहतात, देव जाणे.

शहर रिकामे होऊ लागले. मराठी वृत्तपत्रांनी ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव दिले, लोक ‘गाठीचा ताप’ म्हणत. सरकारने गटारे धुतली, घरांवर कार्बोलिक फवारले, कौले उतरवून घरात ऊन आणले, रोग्यांना बळाने इस्पितळात नेले. ऑक्टोबर १८९६च्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको: १० मार्च १८९७ रोजी रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. एकाच रोगाने एकाच शहरात मानवी अंतःकरणाची ही दोन टोके दाखविली.

त्या १८९७ सालात मुंबई जणू जगाच्या वैद्यकाची शाळा झाली. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीने आपली तुकडी पाठविली, जर्मनीची तुकडी आली, रशियाची आली, इजिप्तहून वैद्य आले, यर्सिन स्वतः आपली लस घेऊन आला. आर्थर रोडच्या खाटांभोवती पाच-सहा भाषा बोलल्या जात असतील. आणि या साऱ्यांच्या आधी आलेला एक मनुष्य ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका छोट्या खोलीत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर काम करीत होता. ते वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन ओडेसाचे यहुदी. तेथल्याच विद्यापीठात मेच्निकॉव्ह यांचे शिष्य. यहुदी असल्यामुळे रशियात प्राध्यापकपद मिळणे अशक्य, म्हणून जिनिव्हा आणि नंतर पॅरिस. पॅरिसला त्यांनी पटकीवरची लस तयार करून १८९२मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईत त्यांनी प्लेगचे जंतू मांसाच्या रसात वाढविले. हा रस त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा केला, कारण गाय वा डुक्कर यांचा स्पर्श झालेली लस इथल्या लोकांनी अंगाला लावून घेतली नसती. रसावर त्यांनी साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांच्या तळाशी जंतू धरून राहतात आणि छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे खाली वाढत जातात, असे त्यांना दिसले. ते सुळके हलवून पाडायचे, पुन्हा वाढू द्यायचे, आणि शेवटी उष्णता देऊन जंतू मारायचे. आपल्या स्वयंपाकघरातील तूप अशा कामी आले, हे वाचून मला फार नवल वाटले होते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट. ताप आला, उतरला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जवळजवळ निम्म्या कैद्यांना लस दिली गेली. न टोचलेल्यांत १२ जण आजारी पडून ६ दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, एकही दगावला नाही. कैदी स्वेच्छेने पुढे आले असे नमूद आहे. तुरुंगात स्वेच्छा म्हणजे किती, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही; आपण विचारला पाहिजे. तरी एवढे खरे की, त्यांना टोचण्यापूर्वी हाफकिननी स्वतःला टोचले होते.

व्हिएन्नाच्या तुकडीची कथा याहून वेगळी आहे. त्या तुकडीत डॉ. हेरमान म्युलर होते, व्हिएन्ना विद्यापीठाच्या रुग्णालयातील तरुण डॉक्टर. मुंबईत त्यांनी रोग्यांच्या उशाशी तास‍न्‌तास बसून टिपणे केली. मायदेशी परतताना ही मंडळी अभ्यासासाठी जंतू बरोबर घेऊन गेली. ऑक्टोबर १८९८मध्ये तेथील प्रयोगशाळेत, प्राण्यांची देखभाल करणारा फ्रान्झ बारिश नावाचा सेवक आजारी पडला. फुप्फुसाचा प्लेग, तो श्वासातून पसरतो. म्युलर यांना ते ठाऊक होते. मुंबईत त्यांनी तो पाहिला होता. तरी बारिशची शुश्रूषा त्यांनी स्वतः केली. १८ तारखेला बारिश गेला, २३ तारखेला म्युलर गेले, ३० तारखेला आल्बिना पेखा ही परिचारिका गेली. म्युलर यांचे वय अवघे तिशीच्या आसपास. त्यांचे सहकारी रुडॉल्फ प्योख यांनी विलगीकरणात त्या दोघांची सेवा केली आणि ते वाचले. चौथा बळी पडला नाही. कोणी पळून गेले नाही म्हणून पडला नाही, कारण रोग्यांना वेगळे ठेवून त्यांच्याजवळ राहणारी माणसे तेथे होती.

त्या जुन्या रुग्णालयाच्या आवारात म्युलर यांचे स्मारक उभारले गेले. ते आवार आता व्हिएन्ना विद्यापीठाचे आहे. मुले तेथे पुस्तके घेऊन बसतात. सेवक बारिश आणि परिचारिका पेखा यांची नावे मात्र शोधावी लागतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: रोग पसरतो कसा? टोकियोचे प्राध्यापक मासानोरी ओगाता यांना फोर्मोसा बेटावर उंदरांच्या पिसवांत प्लेगचे जंतू सापडले होते. यर्सिनच्या जागी पाश्चर संस्थेने पाठविलेले पॉल-लुई सिमाँ यांना रोग्यांच्या पायांवर, गाठ येण्यापूर्वी, एक बारीक फोड दिसे. जणू काही चावले असावे. २ जून १८९८ रोजी कराचीत त्यांनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेग झालेला, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला. तो मरण्याच्या बेतात आल्यावर जाळीच्या लहान पिंजऱ्यात दुसरा निरोगी उंदीर आत सोडला. स्पर्श होणार नाही, पण पिसू उडी मारू शकेल, एवढेच अंतर. पाचव्या दिवशी दुसरा उंदीर आजारी पडला आणि मेला. त्याच्या शरीरात प्लेगचे जंतू सापडले. पिसवांवाचून हाच प्रयोग केला, तेव्हा दुसरा उंदीर सुखरूप राहिला.

कोडे सुटले होते. परंतु कोणी मानले नाही. १८९८च्या अखेरीस हिंदुस्थानात आलेल्या सरकारी प्लेग आयोगाचे अध्यक्ष एडिंबरो विद्यापीठाचे प्राध्यापक टॉमस फ्रेझर होते. विद्वान माणसे, शेकडो साक्षी, जाडजूड खंड. त्यांनी सिमाँ यांचा सिद्धान्त बाजूला सारला. एक माणूस, एक बरणी, दोन उंदीर, यावर विश्वास कसा ठेवावा, असे त्यांना वाटले असावे. मी त्यांना सर्वस्वी दोष देत नाही. एका प्रयोगावर विसंबू नये हाच शास्त्राचा नियम आहे. पण नियम एवढाच असतो तर त्यांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला असता. तो त्यांनी केला नाही, आणि दरम्यान सरकार भिंतींना कार्बोलिक मारीत राहिले.

१९०२मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी हाफकिन यांची लस घेतलेल्या १०७ लोकांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते एकोणीसही एकाच बाटलीतून टोचलेले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे कागदोपत्री होते. पण ते वाचण्याची कोणाला घाई नव्हती. अखेर १९०७मध्ये रोनाल्ड रॉस, अमेरिकेतील सायमन फ्लेक्सनर आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी मिळून लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध केले. वेगवेगळ्या संस्थांतील, एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारी ही माणसे एका यहुदी परदेशस्थ सहकाऱ्यासाठी एकत्र उभी राहिली. हाफकिन निर्दोष ठरले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, परंतु कलकत्त्याला, परळला नव्हे. १९३०मध्ये लोझान येथे ते वारले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५मध्ये, त्यांच्या हयातीतच, देण्यात आले होते.

असो. १९०५मध्ये जे घडले ते मला या सर्व इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. लंडनची रॉयल सोसायटी, लिस्टर संस्था आणि इंडिया ऑफिस यांनी एकत्र समिती नेमली. मेलबर्न विद्यापीठात अध्यापन केलेले चार्ल्स मार्टिन, लिस्टर संस्थेचे पेट्री आणि रोलंड, हिंदुस्थानातील लष्करी वैद्यकसेवेतले लॅम आणि लिस्टन अशी मंडळी परळला जमली. लिस्टन यांना आधीच संशय होता. राणीच्या बागेतील गिनीपिग १९०३मध्ये प्लेगने मेले, तेव्हा त्यांच्या अंगावर त्यांना उंदरांच्या पिसवा सापडल्या होत्या. उंदीर मेला की त्याचे थंड शरीर सोडून पिसू दुसरे ऊबदार अंग शोधते; गिनीपिगचे वा माणसाचे.

या मंडळींनी परळच्या आवारात सहा खोल्या बांधल्या, हुबेहूब इथल्या गोरगरिबांच्या घरांसारख्या. फरक फक्त छपरात. दोन खोल्यांवर साधी देशी नळीची कौले, ज्यांत उंदीर खुशाल बिऱ्हाड करतात. दोन खोल्यांवर मंगलोरी कौले, जेथे उंदरांना फारसा आसरा नाही. दोन खोल्यांवर पत्रा, जेथे उंदीर राहूच शकत नाही. छपराखाली तारेची जाळी, म्हणजे उंदीर खाली उतरू नये. पण पिसू गळून पडावी. खाली जमिनीवर निरोगी आणि रोगी गिनीपिग एकत्र सोडले. देशी कौलांच्या खोल्यांत पिसवा भरपूर होत्या, तेथे गिनीपिग धडाधड मेले. मंगलोरी कौलांखाली पिसवा थोड्या, मृत्यूही थोडे. पत्र्याखाली पिसवा नाहीत. तेथे रोगी आणि निरोगी एकमेकांना चिकटून राहिले, एका भांड्यात खाल्ले, एकमेकांच्या मलमूत्रात लोळले, पण रोग पसरला नाही.

मग त्यांनी पिंजरे टांगून पाहिले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील गिनीपिगला प्लेग झाला; दोन फुटांवरचा वाचला. हवेतून रोग येत असता तर दोन फुटांनी काय फरक पडला असता? पिसूची उडी सुमारे चार इंच. त्यांनी शेणाने सारवलेल्या जमिनीवर जंतू ओतून पाहिले: ४८ तासांनंतर ती जमीन निरुपद्रवी. चुन्याच्या जमिनीवर तर २४ तासच. ज्या शेणाच्या जमिनी प्लेगच्या काळात घाणेरड्या म्हणून उकरून टाकल्या गेल्या, त्या निर्दोष ठरल्या. प्लेगच्या घरांत माकडांचे पिंजरे ठेवून भोवती चिकट कागद पसरले, तेव्हा कागदाला चिकटलेल्या पिसवांपैकी माणसाच्या ८५ पिसवा फोडून पाहिल्या, एकीत जंतू सापडले. उंदराच्या ७७ फोडल्या, २३ जणींत सापडले.

त्याच वेळी ही मंडळी शीव, वडाळा, परळ आणि वरळी या तेव्हाच्या गावांतून घराघरांत हिंडत होती. कोणत्या घरात उंदीर मेला, कोणत्या तारखेला, त्यानंतर किती दिवसांनी त्या घरात माणूस आजारी पडला. आधी गटारातले करडे उंदीर मरतात, सुमारे दहा दिवसांनी घरातले काळे, आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसे. ‘उंदीर पडू लागले की घर सोडावे’ हे आपल्या खेडुतांचे जुने शहाणपण होते. आयोगाने त्याला दिवसांचा हिशोब दिला. हा हिशोब कोणी केला? नावे साहेबांची छापली गेली. पण मेलेले उंदीर टोपलीत भरून, चिठ्ठी बांधून आणणारे आणि दारात उभ्या बाईला मराठीत प्रश्न विचारणारे हात इथलेच होते. लोकांनी दारे उघडली, हेही विसरता येत नाही. अवघ्या नऊ वर्षांपूर्वी याच शहराने इस्पितळावर दगड घातले होते. या वेळी दारात आलेला माणूस कोणाला उचलून नेत नव्हता, फक्त मेलेला उंदीर मागत होता.

सिमाँ खरे ठरले. एकट्याने जे पाहिले, ते जगाला पटविण्यास अनेक संस्थांच्या माणसांना परळमध्ये घाम गाळावा लागला. पिसूच्या पोटात नेमके काय होते ते १९१४मध्ये लंडनला मार्टिन आणि आर्थर बॅकॉट यांनी शोधून काढले: जंतूंची गुठळी होऊन तिचा घसा बुजतो, भुकेने ती पुनःपुन्हा चावते, आणि रक्त गिळता न आल्याने जंतूंसह जखमेत परत ओकते. बॅकॉट यांनी आयुष्याचा मोठा भाग कारकुनी केली. कीटकांचा अभ्यास हा त्यांचा फावल्या वेळचा छंद होता. १९२२मध्ये कैरो येथे टायफसवर संशोधन करताना त्याच रोगाने ते गेले. रोलंड पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मेंदूज्वराने गेले होते.

हिंदुस्थानात प्लेगने एकूण १ कोटी २० लाखांहून अधिक माणसे नेली. पिसू सापडल्यावरही तो लगेच थांबला नाही, कारण पत्र्याचे वा मंगलोरी कौलाचे घर गरिबाला कोठून परवडणार? जालीम औषधे तर त्यानंतर कित्येक वर्षांनी आली.

हाफकिन संस्था आजही परळच्या त्याच जुन्या वास्तूत आहे, जी एके काळी गव्हर्नरचा बंगला होती. तत्पूर्वी ती पोर्तुगीज काळातील येशूसंघीय फादरांची होती, असे तिचा इतिहास सांगतो. तेथे एकदा गेलो असताना मी त्या सहा खोल्यांविषयी विचारले. कोणाला माहीत नव्हते. आवारातील एका वृद्ध कर्मचाऱ्याने मला उलट विचारले, “फादर, उंदरांसाठी कशाला कोणी घर बांधेल?” मी त्याला तेथेच झाडाखाली बसून सारी हकीकत सांगितली. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “आमच्या वडाळ्याच्या घरावर नळीचीच कौले होती.”